जितका आवाज गोड, तितकी दाढ खोल

दातांच्या दवाखान्यात गोड काही ठेवू नये, ही साधी गोष्ट. पण या दवाखान्यात काउंटरमागे सव्वीस वर्षं एक गोड वस्तू बसवलेली होती आणि फोन तीच उचलायची.

"नमस्कार, नमस्कार. कोण, आमच्या ग्रंथालयाच्या बाई का? अहो, तुमचा आवाज आला आणि इथली ट्यूबलाइट एकदम नीट पेटली बघा. उद्या साडेदहाला या हं. छे छे, करायचं काहीच नाही. डॉक्टरबाई जराशा बघतील, जरासं टोचतील, जरासं उघडतील. मुंगी चावते ना, तीसुद्धा यापेक्षा धसमुसळी म्हणायची."

फोन ठेवला की ग्रंथालयाच्या बाई तिकडे दोन दिवसांची रजा टाकायच्या.

या माणसाला सगळा रस्ता सरबतकाका म्हणायचा. खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि तिथेच राहिलं. वय अठ्ठावन्न, अंगानं गुबगुबीत, केस पाणी लावून चापून बसवलेले. त्यांचं बोलणं ऐकून झालं की कानाला हात लावून बघावंसं वाटे, काही ओघळलं तर नाही ना. डॉक्टरबाई याच्या अगदी उलट. तोंडाला मास्क, हातात टोकदार काहीतरी, आणि "उघडा", "मिटा", "थुंका" एवढ्या तीन शब्दांवर त्यांचा दवाखाना चालायचा. उरलेली सगळी भाषा त्यांनी काकांवर सोपवली होती. काकांचा समज असा, की आपल्या गोडव्यावर माणसं जीव टाकतात, म्हणून दवाखाना भरलेला असतो.

दवाखाना भरलेला असायचा, कारण त्या भागात दुसरा नव्हता.

माणसं काकांवर जीव टाकत नव्हती. त्यांच्या आवाजावरून अंदाज बांधत होती. बाहेरच्या खोलीत, प्लॅस्टरच्या भल्यामोठ्या जबड्याखाली बसलेल्यांचं हे रोजचं बोलणं. काका आत फाइल द्यायला गेले की सुरू व्हायचं.

"पहिल्यांदाच आलात?" गालावर रुमाल धरलेला कुलूपवाला विचारायचा.

"हो," नवखा शाळामास्तर.

"फोनवर काय म्हणाले?"

"या हं, म्हणाले. सावकाश या."

"त्यातला 'हं' लांब होता की आखूड?"

"आखूड असेल. बेताचा."

"मग गोडसर. नुसती सफाई. निवांत बसा."

"आणि तुम्हाला काय म्हणाले?"

कुलूपवाल्यानं रुमाल जरा दाबला. "मला 'राजा' म्हणाले."

एका आजोबांनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

आता 'राजा' म्हणजे पाकातलं बोलणं, आणि पाकातलं बोलणं म्हणजे दाढ जाणार. त्याच्या खाली मधाळ. मध चमच्यावरून सुटता सुटत नाही तसं वाक्य संपता संपत नसेल, तर नस काढायची आहे असं समजायचं. त्याच्याही खाली गुळचट, म्हणजे साखर घातलेल्या चहात कुणी विसरून पुन्हा साखर घालावी तसं. दाढ भरायची असली की काका गुळचट व्हायचे. डॉक्टरबाईंना यायला उशीर झाला तर ते गुळमुळीत व्हायचे, ते मात्र धरायचं नाही, त्यात दुखणं काही नसतं. सगळ्यांत वरचा प्रकार लोचट. काका काउंटर सोडून बाहेर येतात, पेशंटचा हात हातात घेतात आणि सोडत नाहीत. तिथवर आजवर तिघंच पोचले होते. तिघांचंही हाड कापावं लागलं होतं.

हे शब्द कुणी ठरवले, तर काकांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीनं. हे माप रस्त्यावरच्या शेंबड्या पोरालाही पाठ होतं. ठाऊक नव्हतं फक्त काकांना.

ताईंचं दुकान दवाखान्यापासून चार दारं सोडून. उसवलेलं शिवायचं, तुटलेल्या चेनी बदलायच्या, ढगळ ते आवळायचं आणि आवळ ते सैल करायचं. ओठांत टाचण्या धरून ताई बोलायच्या, त्यामुळे त्यांचं प्रत्येक वाक्य टोचूनच बाहेर पडायचं. मशीनशेजारी काचेची बरणी, बरणीत दुधाच्या टॉफ्या. सकाळी दुकान उघडलं की एक डाव्या गालात जायची आणि दुपारपर्यंत तिथेच मुक्काम करायची.

"चिकट आणि लोचट यांतला फरक तुला कळतो का?" त्या गिऱ्हाइकाला विचारायच्या. "चिकट माणूस पैसा सोडत नाही. लोचट माणूस माणूस सोडत नाही. ही टॉफी चिकट आहे. माझा भाऊ लोचट आहे. टॉफी निदान विरघळते तरी."

याला मागचा हिशेब होता. आईबाप गेल्यावर दोघं आत्याकडे वाढले, ताई अकरा वर्षांची आणि हा सहाचा. आत्याचा हात जड होता. एकदा वरच्या फळीवरची मधाची बाटली यानं पाडली. आत्या आत आली, तर हा लाडीगोडी लावत तिच्या पदराला चिकटला: "आत्या, आज तू किती छान दिसतेस." आत्या पाघळली. बाटली कुणीतरी पाडलेली असणारच होती, तेव्हा मार ताईला बसला. ताईच्या तळपायांना मध लागला होता आणि पाठीवर वळ उठले होते. त्या दिवशी मुलगा एक गोष्ट शिकला ती कायमची: गोड बोललं की जे व्हायचं ते दुसऱ्याला होतं.

बावन्न वर्षं ती शिकवण उत्तम चालली. सोमवारी ती अडकली.

सहा आठवड्यांपूर्वी ताईंच्या जिभेच्या डाव्या कडेला एक फोड आला होता. तुटक्या दाताला घासून झाला असेल, म्हणून त्या दाखवायला आल्या. डॉक्टरबाईंनी दात घासून गुळगुळीत केला आणि काकांना सांगितलं, "यांना आठ दिवसांनी परत बोलवा. नक्की." काकांनी काउंटरवरून मान तिरकी केली आणि बहिणीला म्हणाले, "सवडीनं ये हं, ताई." 'हं' आखूड होता. ताईंनी सफाईइतकंच महत्त्व दिलं आणि शाळांचे गणवेश आवळायला घेतले.

सोमवारी त्या आल्या तेव्हा फोडाची जखम झाली होती, कडा टणक झाल्या होत्या. ताई घरी गेल्यावर डॉक्टरबाई मास्क खाली करून काउंटरपाशी आल्या. सव्वीस वर्षांत काकांनी त्यांची हनुवटी दहाएक वेळा पाहिली असेल.

"मला हे आवडलेलं नाही. मोठ्या इस्पितळात तुकडा काढून तपासायला हवा. तिथले सर्जन गुरुवारी असतात, मी नंबर लावलाय. आत्ता असेल तर थोडक्यात निभावेल. अजून एक महिना गेला तर जीभ राहील की नाही, सांगता येत नाही. त्यांना मी बोलले, पण त्या हसल्या. म्हणाल्या, डॉक्टरांना सगळ्यांना मोठ्या इस्पितळातच धाडायचं असतं. तुम्ही भाऊ आहात, तुम्ही सांगा." त्या वळल्या आणि पुन्हा फिरल्या. "आठ दिवसांनी बोलवा म्हटलं होतं मी."

फोन वाजत होता, तो त्यांनी वाजू दिला.

घरी आल्यावर त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. लेक बसस्थानकावर घोषणा करायची. अमुक गाडी, तमुक फलाट, इतक्या वाजता. तिच्या आवाजात साखर सोडाच, ओलसुद्धा नव्हती.

"तुमच्या त्या 'सवडीनं ये हं'नं महिना घालवला, बाबा," ती म्हणाली. "आता सरळ सांगायचं. काय, कुठे, केव्हा. विशेषण एक नाही. मी 'माझ्या लाडक्या प्रवाशांनो' म्हणत बसले तर गाडी निघून जाईल. म्हणा."

काकांनी घसा साफ केला. "ताई, तुझ्या जिभेवर ना, एक अगदी बारकीशी, गोंडस..."

"गोंडस?"

"लहान म्हणायचं होतं."

"जखमेला गोंडस म्हणालात तुम्ही."

"सवय गं."

"यांची सवय मला विचार," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "माझे वडील गेले तेव्हा मला म्हणाले, 'छान झोपलेत.' मी त्यांच्यासाठी चहा ठेवला होता."

लेकीनं एका कागदावर पाच वाक्यं लिहिली आणि बापाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. समोर माणूस असला की ते विरघळायचे, हे तिच्या ध्यानात आलं होतं. दोन संध्याकाळी तालीम झाली. 'हं' काढला तर वाक्याच्या शेवटी त्यांचा तोल जायचा, म्हणून तिनं शेवटी टाच टेकायला शिकवली. मंगळवारी झोपेपर्यंत काका एखाद्या मालगाडीच्या वेळापत्रकासारखे कोरडे झाले होते.

बुधवारी दुपारी दवाखाना बंद करून ते ताईंच्या दुकानात गेले. बसले नाहीत. मशीनसमोर उभे राहिले, नजर भिंतीवरच्या कात्र्यांवर.

"ताई. तुझ्या जिभेवर जखम आहे. सहा आठवड्यांत ती भरली नाही. उद्या सकाळी नऊ वाजता मोठ्या इस्पितळात जायचं. तुकडा काढून तपासतील. उशीर झाला तर जीभ जाईल." आणि टाच टेकली.

ताईंनी ओठांतल्या टाचण्या एकेक करून गादीत खोचल्या. मग टॉफी उजव्या गालात सारली, बोलायला जागा केली, आणि हसल्या.

"मग काही नाही तर."

"काही नाही? अगं, जीभ जाईल म्हणालो."

"म्हणालास. पण कसा म्हणालास? ठणठणीत कोरडा. सफाईलासुद्धा तू याहून ओला असतोस." त्यांनी मशीनच्या चाकाला हात घातला. "मला दोन दिवस उगाच धाकधूक होती. जा आता, मला आठ पँटी आवळायच्यात."

"म्हणजे काय, ओला?"

ताईंनी मान वर केली. "तुला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"अरे, अख्खा रस्ता तुझ्या आवाजावर दाढा मोजतो. तू गुळचट झालास की दाढ भरायची. मधाळ झालास की नस. 'राजा' म्हणालास की माणूस घरी जाऊन बायकोमुलांना बघून येतो. सव्वीस वर्षं. तुला वाटलं काय, लोकांना तुझा आवाज आवडतो?"

काकांना तसंच वाटत होतं. ते त्यांच्या तोंडावर इतकं स्पष्ट लिहिलेलं होतं की ताईंनाही जरा दुसरीकडे बघावं लागलं.

"पण हे मी खरं सांगतोय," ते म्हणाले.

"खरं तू केव्हा सांगितलंयस? तुझं बोलणं म्हणजे उलट्या बाजूनं बघायचं कापड. शिवण कुठे आहे ते आतूनच कळतं. जा, दार ओढून घे."

काका दार ओढून बाहेर आले आणि पायरीवर थांबले. समोरच्या टपरीत कुलूपवाला एक कुलूप कानाशी धरून आतली खटखट ऐकत होता.

"काय रे," काकांनी विचारलं, "मी तुला फोनवर काय म्हणालो होतो?"

कुलूपवाल्यानं कुलूप खाली ठेवलं. "राजा."

"मग?"

"मग काय, गेली ना दाढ." त्यानं संकोचानं गाल चोळला. "राग मानू नका काका. उपयोगी पडतं ते. घरून निघताना मी आईच्या पाया पडून आलो होतो."

काका तिथे किती वेळ उभे होते, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांना आठवले ते हात, जे त्यांनी प्रेमानं हातात घेतले होते. तिघं जण. तिघंही थरथरत होते, आणि आपल्या मायेनं माणूस हलला असं काकांना वाटलं होतं. ग्रंथालयाच्या बाई फोनवर दर वेळी आधी एक सुस्कारा टाकायच्या. तो सुस्कारा त्यांनी कौतुकात जमा केला होता.

मग ते परत आत गेले.

या वेळी स्टूल ओढून ताईंच्या अगदी जवळ बसले. ताईंनी न बघता विचारलं, "काय विसरलास?"

"काही नाही गं, माझी सोन्यासारखी ताई. तुला बघायला आलो."

मशीनचं चाक अर्ध्या फेऱ्यात थांबलं.

"उद्या ना, आपण दोघं जरा फिरून येऊ हं. गाडीत खिडकीची जागा तुझी. तिथे एक डॉक्टर आहेत, अगदी देवमाणूस, नुसते तुझ्याकडे बघतील आणि म्हणतील, किती दिवसांनी आलात हो. करायचं काही म्हणजे काहीच नाही. तुझ्या जिभेला जराशी, नुसती फुलपाखरू बसून उठल्याइतकी..."

"गप्प बस."

"...तुला तर कळणारसुद्धा नाही. मी बाहेरच असेन. तू आणि मी, लहानपणी नव्हतो का असेच..." काकांनी कपटानं सुरुवात केली होती. भीती घालायची, एवढंच ठरवलं होतं. पण लहानपण आलं आणि त्यांचा आवाज त्यांच्या ताब्यातून सुटला. आणि तरीही बाहेर येत होतं ते मधच. दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतंच. त्यांनी ताईंचा हात हातात घेतला. बोटांवर सुईनं पडलेले घट्टे होते. "बाटली मी पाडली होती, ताई. तुला माहीत आहे ना?"

"हात सोड," त्या हळू म्हणाल्या.

"नाही सोडत."

"लोचटा."

"हो."

ताईंचा चेहरा कोऱ्या कापडासारखा पांढरा पडत गेला. मग त्यांनी विचारलं, "लोचटाच्या पुढे काय असतं रे? त्याला मी शब्दच केला नाही."

काकांनी हात आणखी घट्ट धरला, आणि तेवढं उत्तर ताईंना पुरलं.

ताईंनी मोकळ्या हातानं तोंडातली टॉफी काढली. कागद हाताशी नव्हता. बोटानं झटकली तर बोटाला चिकटली, दुसऱ्या बोटानं काढली तर त्याला. शेवटी त्यांनी ती भावाच्या बाहीला पुसली, जिथे ती दिसेल अशी.

"आठ पँटी तशाच राहतील," त्या म्हणाल्या. "दारावर कागद लाव. दोन दिवस बंद. आणि 'कृपया' लिहू नकोस, लोक मला ओळखणार नाहीत."

गुरुवारी नऊच्या आधी दोघं इस्पितळाच्या लांबलचक बाकावर बसले होते. ताईंच्या मांडीवर पिशवी, पिशवीत लेकीनं आठवणीनं घातलेले कागद. काकांनी तीनदा तोंड उघडलं आणि तिन्ही वेळा ताईंनी नुसतं बोट वर केलं.

"एक अक्षर गोड बोललास तर उठून घरी जाईन," त्या म्हणाल्या. "मला आधीच समजायचं ते समजलंय."

"मग गप्प बसू?"

"गप्प नको. गप्प बसलास की तू मनात मध ढवळत बसतोस, तेही मला ऐकू येतं." त्यांनी दाराकडे पाहिलं. आतून कुणीतरी आकडा पुकारला, तो दुसऱ्याचा होता. ताईंचा हात पिशवीच्या बंदावर घट्ट झाला. "पोरीनं शिकवलं ना तुला ते? कालचं? तसं बोल."

काकांनी पाय जुळवले. समोरच्या भिंतीकडे बघितलं.

"खोली क्रमांक चार," ते म्हणाले. आवाज थोडा हलला, त्यांनी टाच टेकली. "तुझा आकडा सतरा. आत्ता पंधरा चालू आहे. आधी टोचतील, मग बधिर होईल. तुकडा काढतील. दुखेल. अहवाल सोमवारी. सोमवारी काय निघेल, मला माहीत नाही. मी या बाकावर आहे."

ताईंनी डोळे मिटून ते पूर्ण ऐकलं.

"पुन्हा म्हण," त्या म्हणाल्या.